पत्र्यामागची बोटभर जागा

साताऱ्यात माझ्या घराकडे येणाऱ्या रस्त्यावर एक मंगल कार्यालय आहे. पूर्वी तिथे माझ्या मामाचा कारखाना होता. स्टँडवरून घरी यायला दुसरा जवळचा रस्ता आहे, पण मी रिक्षावाल्याला मुद्दाम या बाजूने घ्यायला सांगते. फाटकाशी आलं की मान वळवून आत बघते. जिथे मामाच्या नावाची निळी पाटी होती, तिथे आता नवरानवरीच्या नावांचा फ्लेक्स असतो, दर आठवड्याला वेगळा. बघून बरं वाटतं. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरतात, आणि बऱ्याच माणसांना मी आता माफ करून टाकलं आहे. मामा त्यांत नाही. हे वाचून कुणाला माझ्याबद्दल वाईट वाटलं तर त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

आम्ही तेव्हा सांगलीला राहायचो. दोन खोल्या, मागे मोरी, आणि बाजूला घरापेक्षा मोठी पत्र्याची शेड. माझे वडील, म्हणजे नाना, साखर कारखान्यात वाफेच्या नळ्यांना लॅगिंग करायचे. बॉयलरमधून निघालेल्या नळ्यांवर अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायची, वर लेप द्यायचा, त्यावर पत्रा चढवायचा, की वाफ शेवटच्या टोकापर्यंत गरमच्या गरम पोचली पाहिजे. हे करता करता त्यांची छाती कामातून गेली आणि त्यांनी कारखाना सोडला. मग एका ओळखीच्या माणसाकडून ते फायबरचं काम शिकले. काचेच्या धाग्यांची चटई साच्यावर अंथरायची, रेझिनमध्ये ब्रश बुडवून टपटप मारत ती भिजवायची, आणि वाळली की टणक कवच सोडवून घ्यायचं. आम्ही रिक्षांचे हूड करायचो, गणपतीची मखरं करायचो आणि साड्यांच्या दुकानांसाठी पुतळे करायचो. पुतळ्यांची डोकी वेगळी वाळत असायची, त्यामुळे दारात कायम पाचसहा बिनडोक्याच्या बायका उभ्या असायच्या, आणि नवा पोस्टमन आला की हमखास चपापायचा. मी बारावीला गणितात आपटले होते आणि दुसऱ्यांदा बसायची माझी तयारी नव्हती. शेडमधलं निम्मं काम माझ्याकडे होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

फायबरचा भुगा अंगात घुसला की अशी खाज सुटते की माणूस नातीगोती विसरतो. आई आमचे कपडे वेगळे धुवायची, आणि आंघोळ केल्याशिवाय आम्हा बापलेकीला चुलीजवळ फिरकू द्यायची नाही. तरीही रेझिनचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास सगळ्या घराला होता. ज्वारीच्या भाकरीला होता, शेंगदाण्याच्या चटणीला होता, हिवाळ्यात आई कुळथाचं माडगं करायची त्यालाही होता. दुपारी शेडमध्ये घासकागदाची खरखर आणि आत आईच्या हातांची भाकरीवर पडणारी थाप, हे दोन आवाज एकमेकांत असे मिसळलेले असायचे की एक थांबला की दुसरा चुकल्यासारखा वाटायचा. आई कमी बोलायची. तिचा एकच विषय होता, तिचा धाकटा भाऊ दिनकर. आईबाप लवकर गेले, तिने त्याला कडेवर वाढवला. आमचा दिनू असा, आमचा दिनू तसा. साताऱ्यात त्याचा ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता, अंगात सफारी होती, आणि गिऱ्हाईक समोर असलं की तो पुस्तकातल्यासारखं बोलायचा.

मोटारीचं काम मामानेच आणलं. साताऱ्यातल्या एका डॉक्टरांना कुठल्याशा परदेशी मासिकात एका उघड्या, दोन माणसांच्या, लांब नाकाच्या मोटारीचं चित्र सापडलं होतं आणि त्यांना तशीच हवी होती. सांगाडा आणि इंजिन जुन्या जीपचं, वरचं अंग फायबरचं. मामाचे लोक लोखंडातले; फायबर त्यांना जमत नव्हतं. तेव्हा सांगाडा आमच्या शेडमध्ये आला, आणि नानांनी ते चित्र भिंतीला चिकटवून मातीत, मग प्लास्टरमध्ये, मग साच्यात ती मोटार उतरवली. चार महिने लागले. मी आयुष्यात नानांना त्या चार महिन्यांइतकं कमी खोकताना ऐकलं नाही. लाल रंगाचा पहिला हात दिला त्या दिवशी त्यांनी हनुवटीवर हात ठेवून नुसतं बघितलं आणि म्हणाले, "सुले, ही माझी हाय बग. बाकी सगळं पोटासाठी केलं."

अडचण एकच होती. चित्रातल्या मोटारीचा सायलेन्सर खालून मागे जात नव्हता; तो डाव्या अंगाने, दाराखालून, बाहेर दिसेल असा जात होता. डॉक्टरांना तो तसाच पाहिजे होता. आता सायलेन्सरची नळी म्हणजे भट्टीचं धुरांडं, आणि फायबर म्हणजे शेवटी वाळलेलं रेझिन. ताप लागला की ते मऊ पडतं, पिवळं होतं, आणि वरचा रंग फुगून येतो. नानांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. नळीवर अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली, आणि वर फायबरच्या अंगाला घट्ट पत्रा ठोकला. आम्ही मिरजेपर्यंत जाऊन आलो, आई शेजारच्या सीटवर, मी मागे सामानाच्या जाळीवर पाय दुमडून. वाऱ्यावर गाडी सुरेख पळाली. येताना आईला गणपती पेठेत भाजी घ्यायची होती. हळदीच्या पोत्यांच्या बैलगाड्यांमागे आम्ही अर्धा तास मुंगीच्या पावलांनी चाललो, तेवढ्यात आई म्हणाली, "आवं, कायतरी जळतंय. माझ्या पायाशी लय धग लागतीय." घरी येऊन बघितलं तर डाव्या अंगाचा रंग तळलेल्या पापडासारखा फुगला होता. पळती गाडी वाऱ्याने वाचत होती. हळू चालली की सगळा ताप पत्र्यातून सरळ फायबरमध्ये उतरत होता.

नाना दोन दिवस जेवले नाहीत. जाड दोरी लावून बघितली, दुहेरी पत्रा लावून बघितला, फुगायचं ते फुगलंच. तिसऱ्या दिवशी आई त्यांचं ताट घेऊन शेडमध्ये आली आणि म्हणाली, "माझ्या चुलीमागं या जरा." चुलीमागे आमची फळ्यांची भिंत होती. ती जळू नये म्हणून आईने तिथे एक फुटकी परात उभी केली होती, आणि परात आणि भिंतीच्या मधे खापराचे दोन तुकडे सरकवले होते. "आदी मी परात भिताडाला टेकवून ठिवली व्हती, तर फळी काळी पडली. मग ह्ये तुकडं घातलं. आता हात घालून बगा." नानांनी परातीमागच्या त्या बोटभर जागेत हात घातला. परात तापून लाल व्हायची बाकी होती, आणि मागची फळी गार होती. खालून वारा आत जात होता आणि वरून ताप घेऊन बाहेर पडत होता. नानांनी हात काढला आणि पुन्हा घालून बघितला. बॉयलरवर उष्णता आत कोंडून ठेवायची असते, हे त्यांच्या हाडात इतकं मुरलं होतं की तिला नुसती वाट करून द्यावी, हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं.

जुन्या बाजारातून मी जुन्या वायरिंगमधल्या चिनीमातीच्या गुट्ट्या शोधून आणल्या. पत्रा आणि अंग यांच्या मधे त्या ठेवून बोटभर जागा सोडली, पुढे आणि मागे वाऱ्यासाठी भोकं पाडली. मग गणपती पेठेत बाजाराच्या दिवशी तीन फेऱ्या मारल्या. रंग जसाच्या तसा. मामा गाडी न्यायला आला तेव्हा वाकून त्या गुट्ट्या बघून हसला. "दाजी, ह्या काय कपबशीच्या टिकऱ्या लावल्यात? डॉक्टर काय म्हनतील?" पण डॉक्टरांना घाई होती, म्हणून तशाच राहू दिल्या. शेवटचा रंग आपल्या कारखान्यात चांगला होईल, असं म्हणत त्याने गाडी नेली, आणि पुढेमागे डागडुजीला लागेल म्हणून टेम्पोत घालून साचाही नेला. नानांनी स्वतः दोऱ्या बांधल्या.

गाडी द्यायच्या दिवशी आम्ही तिघं एसटीने साताऱ्याला गेलो. नानांनी नवा शर्ट घातला होता. डॉक्टरांच्या बंगल्यासमोर पंचवीसतीस माणसं, हार, पेढे, फोटोवाला. मोटारीच्या डॅशबोर्डवर मामाच्या कारखान्याच्या नावाची पितळी पट्टी बसवलेली होती. ती नानांना दिसली ते मी बघितलं. मग कुणीतरी मामाला विचारलं, अहो, एवढं सगळं तुम्ही कसं जमवलंत? मामाने चित्र कसं मोजलं, साचा कसा घडवला, रात्र रात्र कसा जागला ते सांगितलं. डॉक्टर नानांकडे बघून म्हणाले, "आणि हे कोण?" मामा म्हणाला, "हे आमचे दाजी. माझ्याकडे लॅगिंगचं किरकोळ काम बघतात." नानांच्या हातात चहाची बशी होती. ते त्या माणसांकडे बघून किंचित हसले आणि चहा प्यायले. मी तोंड उघडलं, तसा आईने माझा दंड धरला, आणि दुसऱ्या हाताने भावाने पुढे केलेला पेढा घेतला.

संध्याकाळच्या एसटीने आम्ही परत निघालो. कराड गेल्यावर मी आईला म्हणाले, "तुला पेढा गोड लागला?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "भाऊ हाय माझा." त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी तिच्याशी कामापुरतं बोलले. नाना पुन्हा पुतळे करू लागले, पुन्हा खोकू लागले. साचा परत मागितला की मामा निरोप पाठवायचा, पाठवतो, आज पाठवतो. आणि मग कळलं की त्या साच्यातून तो दुसरी गाडी काढतोय, विट्याच्या एका गलाईवाल्या शेठसाठी. विट्याची ही माणसं देशभर सोनं गाळायच्या भट्ट्या चालवतात आणि दिवाळीला गावी येतात. शेठला मुलाच्या लग्नात वरातीला गाडी हवी होती. त्या दिवसांत मी रोज झोपताना मामाच्या सत्यानाशाचे वेगवेगळे प्रकार मनात रचायचे. कधी त्याचा कारखाना जळायचा, कधी पितळी पट्टी त्याच्याच कपाळावर ठोकलेली असायची. मला त्याने शांत झोप लागायची, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

भाऊबीजेच्या सकाळी मामा ती नवी गाडी घेऊन आमच्या दारात आला. मागून विट्याचे ते शेठ, यशवंतशेठ, आपल्या जीपमधून आले होते. सांगलीत त्यांचे व्याही होते, आणि मामाने त्यांना बहिणीच्या दारात, सणाच्या मुहूर्तावर गाडी देतो असा शब्द दिला होता. सगळी गल्ली बाहेर आली. गाडी पिवळीधम्मक होती, झेंडूची माळ घातलेली. मी सरळ डाव्या अंगाशी जाऊन उकिडवी बसले. पत्रा फायबरला घट्ट रिव्हेट मारून बसवला होता. गुट्ट्या नव्हत्या. भोकं पुट्टी भरून बुजवली होती. साताऱ्यापासून मोकळ्या रस्त्याने पळत आली होती, म्हणून अजून शाबूत होती.

"काय सुले, कसं दिसतंय?" मामा वरून म्हणाला. "पैल्या गाडीपेक्षा सफाई हाय का न्हाई?"

मी उठून हात झटकले. "लय सफाई हाय मामा. पत्रा कसा अंगाला चिकटून बसलाय."

"मग. फिनिशिंग म्हंत्यात त्याला," तो म्हणाला.

माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. विट्याच्या बाजारपेठेत, वरातीच्या बेंजोमागे पाऊलपाऊल चालताना हा पत्रा काय करेल, ते मला नवरीच्या मुंडावळ्यांसकट दिसत होतं. एका शब्दात मी ते थांबवू शकले असते, आणि तो शब्द मी गिळला होता. पण मामा आईला म्हणाला, "आक्का, ओवाळायचं मागनं. आदी गाडीत बस, गल्लीतनं फेरी मारू." आणि माझा सगळा आनंद जिरला. आई डाव्या बाजूला बसणार होती, त्या पत्र्याला लागून.

"आई, राहू दे. निरांजन लावायचंय अजून," मी म्हणाले. आईने माझ्याकडे बघितलं. मग ती वाकली आणि पत्र्याच्या वर, जिथे फायबर सुरू होतं, तिथे तळहात ठेवला. तव्यावरची भाकरी हाताने उलटणारी बाई ती. हात तिने लगेच उचलला नाही. "व्हय बाजूला," मला म्हणाली, आणि पदर सावरून आत बसली.

ओट्यावर बसलेले नाना अर्धे उठले. त्यांनाही पत्रा दिसला होता, आणि नाना असा माणूस की वैऱ्याचंही नुकसान बघवायचं नाही. "दिनकरराव, जरा थांबा, त्या पत्र्याला..." एवढंच ते म्हणाले. "तुमी गप बसा," आई गाडीतून म्हणाली. "बहीणभावाचं हाय ह्ये." तिने नानांना चारचौघांत असं म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही. नाना खाली बसले.

गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि वळून आली. दारापाशी मामा थांबवायला लागला तसं आई म्हणाली, "दिनू, हळू घे की रं जरा. शेजारच्या बायकास्नी दिसू दे माझ्या भावाची गाडी." मामा खुलला. पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल त्याहून हळू, दुसरी फेरी सुरू झाली. आई प्रत्येक दाराशी हात जोडत होती. "ह्यो माझा भाऊ. ह्येनंच बनिवली." दुसरी संपली, तर म्हणाली, "आजून येक." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आईच्या तोंडाकडे बघत राहिले. ती हसत होती, पण कपाळावर घामाचे थेंब होते, आणि कार्तिकातली सकाळ गार होती.

तिसऱ्या फेरीत वास आला. आधी तो गोडसर रेझिनचा, मग जळक्या रंगाचा. दारासमोर येईपर्यंत डावं अंग हातभर लांबीत फुगलं होतं, पिवळ्याचं तपकिरी झालं होतं, आणि एका जागी रंगाचा पोपडा सुटून पत्र्यावर धूर काढत होता. मामाने इंजिन बंद केलं. आई सावकाश उतरली. यशवंतशेठ पुढे आले, वाकले, हाताची मागची बाजू पत्र्याजवळ नेली. आयुष्य भट्टीपुढे गेलेला माणूस. त्याला काही सांगायला लागलं नाही. "ह्यो पत्रा असा कुणी बसिवला?" ते म्हणाले. "मागं वाऱ्याला जागाच न्हाई."

मामाने गल्लीकडे बघितलं, शेठकडे बघितलं, आणि जे करायचं तेच केलं. "शेठ, डिझाईन माझं नाही. मूळ गाडी सगळी दाजींनी केली, साच्यासकट. मी आपला त्यांच्यासारखाच पत्रा ठोकला."

"म्हंजे पैली गाडी तुज्या दाजींची व्हय?" आई म्हणाली. अगदी शांतपणे, भाजीचा भाव विचारावा तशी. "साताऱ्यात तर तू येगळं सांगत व्हतास." मग ती आत गेली आणि चुलीमागची काळीकुट्ट परात आणि खापराचे दोन तुकडे घेऊन आली, आणि ते शेठच्या पायाशी ठेवले. "ह्येंच्या गाडीत ह्ये हाय. डॉक्टरांची गाडी जाऊन बगा. आजून टकाटक हाय."

शेठनी परात उचलून बघितली, तुकडे बघितले, आणि एकदाच मामाकडे बघितलं. नानांना म्हणाले, "गाडी हितंच ऱ्हाऊ द्या. तुमीच करा."

मामा निघायला लागला. आईने त्याला हाताला धरून आत आणलं. "सण हाय. ओवाळून घे." पाटावर बसवलं, टिळा लावला, ओवाळलं, करंजी भरवली. सगळी गल्ली दारातून बघत होती. मामाने खिशात हात घातला, तसं तिने ताट मागे घेतलं. "ती ओवाळणी नगं मला. साचा आणून घाल. आन् डॉक्टरांच्या गाडीवरची ती पट्टी." भाऊबीजेच्या पाटावर बसलेला भाऊ, समोर शेजारपाजार, नाही कसा म्हणणार? चौथ्या दिवशी टेम्पो आला. साच्यात पितळी पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली होती. शेठनी ही हकीगत विट्यापासून आटपाडीपर्यंत सांगितली, आणि जिथे ती पोचली नाही, तिथे पुढची पंधरा वर्षं मी पोचवली. लग्न होऊन साताऱ्यात आले तेव्हा तर माझी चांगलीच सोय झाली.

त्या संध्याकाळी आई मोरीत पाय धुवायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत गेले, तर ती दगडावर बसून डाव्या पोटरीला कोरफडीचा गर लावत होती. गुडघ्याखाली तळहाताएवढं कातडं सोलवटून लाल झालं होतं. त्या अरुंद जागेत पाय आखडून घ्यायला वाव नव्हता. पहिल्या फेरीलाच फायबर तापलं असणार, आणि उरलेल्या दोन तिने तशाच काढल्या होत्या, दारादाराशी हात जोडत. मी तिच्यापुढे खाली बसले, तिच्या हातातून गर घेतला. "अगं, उतरायचं नाहीस का," मी म्हणाले.

"उतरले असते तर गाडी थांबली असती," आई म्हणाली, आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला.